कीपासएक्ससी: मास्टर पासवर्ड बरोबर, तरी डेटाबेस उघडत नाही

लक्षणं अशी असतात. लिनक्सवर कीपासएक्ससी (सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्ये, ठेवणारा प्रोग्रॅम) नीट बसलेलं आहे, ती फाइल जागेवर दिसते, मास्टर पासवर्ड तोंडपाठ आहे. तो टाकून एंटर दाबलं की लाल पट्टी येते: "इनव्हॅलिड क्रेडेन्शियल्स वेअर प्रोव्हायडेड, प्लीज ट्राय अगेन. इफ धिस रीऑकर्स, देन युअर डेटाबेस फाइल मे बी करप्ट." सोबत कधी "एचएमएसी मिसमॅच" (म्हणजे किल्ली जुळली नाही) असंही लिहिलेलं असतं. कुणाला हे उबुंटू किंवा मिंट नव्यानं टाकल्यावर दिसतं. कुणाचं लॅपटॉपवर उघडतं पण फोनवर नाही. काहींचं तर सकाळी उघडतं आणि संध्याकाळी नाही.

तुमच्याकडे पट्टीत "नॉट अ कीपास डेटाबेस" असं काही येत असेल तर कीबोर्ड, पासवर्ड यांत वेळ घालवू नका. तो दोष फाइलचाच आहे, खाली "फाइल खरंच खराब झाली असेल तर" तिथं सरळ जा.

मी पुण्यात गेली काही वर्षं ओळखीपाळखीतल्या लोकांना लिनक्स आणि पासवर्ड मॅनेजर बसवून देतो आणि या एकाच तक्रारीसाठी मला सगळ्यात जास्त फोन येतात. आवाजातच घाबरलेपण कळतं, कारण त्या पट्टीतला "करप्ट" हा शब्द. म्हणून आधी हे सांगतो: मी पाहिलेल्या या तक्रारींमध्ये फाइल खरोखर खराब निघाली ती फक्त दोनदा. बाकी सगळ्या वेळी चूक कीबोर्डात, "की फाइल"मध्ये (पासवर्डच्या जोडीला लागणाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये) किंवा भलतीच प्रत उघडण्यात होती.

मग प्रोग्रॅम तसं का सांगत नाही? कारण त्याला ते कळूच शकत नाही. तुमचा पासवर्ड आणि (असली तर) की फाइल एकत्र करून तो एक किल्ली तयार करतो आणि ती फाइलच्या सुरुवातीच्या भागाशी जुळते का ते पाहतो. नाही जुळली, तर किल्ली चुकली की कुलूपच बिघडलं हे आतलं काही न उघडता ओळखायचा मार्ग त्याच्याकडे नाही.

काहीही करण्याआधी

फाइलची एक प्रत वेगळ्या नावानं पेनड्राइव्हवर काढून ठेवा. यापुढचे सगळे प्रयोग चालतील, पण मूळ फाइल शिल्लक असेल तरच. आणि सिंकथिंग, नेक्स्टक्लाउड असं लॅपटॉप-फोनवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणारं (सिंक करणारं) काही चालू असेल तर ते थांबवा, फोनचं वायफाय आणि डेटा दोन्ही बंद करा. समजा लॅपटॉपवरची फाइल खरंच बिघडलेली असली, तर फोनवरची चांगली प्रत तीच तुमची सुटका आहे, आणि सिंक चालू राहिलं तर बिघडलेली फाइल तिच्यावर जाऊन बसेल. या दोन गोष्टींना पाच मिनिटं लागतात. आपली फाइल "करप्ट" आहे असं समजून ती पुसून नवी बनवलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांची फाइल शंभर टक्के धडधाकट होती.

कीबोर्ड

पासवर्डच्या चौकटीत उजवीकडे डोळ्याचं चिन्ह असतं. मागे कुणी उभं नाही ना ते बघा, चिन्हावर क्लिक करा आणि मग पासवर्ड टाइप करा. याला पैसे लागत नाहीत की माहिती लागत नाही, आणि निम्म्याहून जास्त तक्रारी माझ्याकडे इथंच मिटतात. ठिपक्यांमागे काय उमटतंय ते दिसतं, बस.

मराठी लिहिणाऱ्यांच्या मशीनवर दोन लेआउट असतातच, इंग्रजी आणि मराठी. उबुंटूवर सुपर (विंडोजचं चिन्ह असलेलं बटण) आणि स्पेस एकत्र दाबलं की ते बदलतात आणि अनेकदा चुकून दाबले जातात. मराठी इनस्क्रिप्ट चालू असताना पी, यू, एन, ई अशी बटणं दाबलीत तर "पुणे" येत नाही, "जहला" येतं. इनस्क्रिप्टमध्ये डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजनं अशी मांडणी आहे, रोमन उच्चाराशी तिचा संबंध नाही. ठिपके मात्र चारच दिसतात, म्हणून संशय येत नाही.

यातला एक प्रकार नीट सांगायला हवा, कारण तो पहिल्यांदा भेटला तेव्हा माझी अख्खी दुपार गेली. सदाशिव पेठेत एक काका आहेत, निवृत्त शिक्षक, रोज सकाळी मराठीत लिहायला बसतात. त्यांची तक्रार होती, "सकाळी उघडतं, संध्याकाळी उघडत नाही, आणि फोनवर तर कधीच नाही." मी लेआउट इंग्रजी करून दिला, डोळा उघडून बघितलं, पासवर्ड अगदी हवा तसा उमटत होता. तरी लाल पट्टी. काका शांतपणे म्हणाले, "सकाळी येऊन बघा, मी खोटं बोलत नाहीये." सकाळी गेलो. उघडलं. तेव्हा वरच्या पट्टीकडे लक्ष गेलं, तिथं लेआउट मराठी होता. डेटाबेस पहिल्यांदा बनवताना मराठी लेआउट चालू राहिला होता. पासवर्ड दोनदा विचारला, दोन्हीदा ठिपके, दोन्हीदा सारखाच, म्हणून प्रोग्रॅमनं तो मुकाट्यानं स्वीकारला. काकांना वाटत होतं पासवर्ड इंग्रजी आहे. तो प्रत्यक्षात देवनागरी होता. सकाळी मराठीत लिहिता लिहिता उघडलं की जुळायचं, संध्याकाळी इंग्रजीत बँकेचं काम करताना नाही.

तुमचं असंच "कधी उघडतं, कधी नाही" असेल तर लेआउट मुद्दाम मराठी करा आणि नेहमीचीच बटणं दाबून बघा. उघडलं तर लगेच डेटाबेस मेनूत डेटाबेस सिक्युरिटी मध्ये जाऊन, लेआउट इंग्रजी करून, डोळा उघडा ठेवून पासवर्ड नव्यानं टाका.

दुसरा घोटाळा ब्रिटिश इंग्रजी लेआउटचा. लिनक्स टाकताना "इंग्लिश यूके" निवडलं गेलं असेल तर अक्षरं सगळी बरोबर येतात, पण ॲट द रेट आणि दुहेरी अवतरण यांची अदलाबदल होते, आणि तीनवरच्या हॅशच्या जागी पौंडाचं चिन्ह येतं. आपल्याकडे निम्म्या लोकांच्या पासवर्डात ॲट द रेट असतं! टेक्स्ट एडिटर उघडून फक्त चिन्हं आणि आकडे टाइप करून बघा. अख्खा पासवर्ड तिथं टाइप करू नका, आणि फाइल सेव्ह न करता बंद करा. रुपयाचं चिन्ह पासवर्डात असेल तर तेही तपासा. ते इंग्लिश इंडिया लेआउटवर उजवा ऑल्ट आणि चार यांनी येतं, साध्या अमेरिकन लेआउटवर येत नाही.

कॅप्स लॉक आणि नम लॉक बघायचे ते बघाच, त्यावर जास्त लिहीत नाही.

पासवर्डच मराठी ठेवला असेल तर

काहींनी हौसेनं मास्टर पासवर्ड देवनागरीत ठेवलेला असतो. मला ती हौस मनापासून आवडते, पण मी तसं कुणाला बसवून देत नाही. कारण मराठीतली काही अक्षरं दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवता येतात आणि डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. "ॲ" हे एक सबंध अक्षर म्हणून येतं, किंवा "अ" आणि वर चंद्र अशी दोन चिन्हं म्हणून येतं. "दऱ्या" मधला अर्धा र एका कीबोर्डवर ऱ पासून बनतो, दुसऱ्यावर र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह यांतून. तुम्हाला पडद्यावर "दऱ्या" दिसतं, प्रोग्रॅमला मात्र दोन निरनिराळ्या अक्षरमालिका दिसतात. लॅपटॉपवर ठेवलेला पासवर्ड फोनवर चालत नाही याचं हे अगदी नेहमीचं कारण. ज्या मशीनवर, ज्या कीबोर्डनं तो पासवर्ड ठेवला तिथंच उघडा आणि बदला.

याच्या उलट बाजूची अडचण जास्त लोकांना येते: मराठी शब्द, पण रोमन अक्षरांत. कल्पना उत्तम आहे, चार-पाच शब्द सहज लक्षात राहतात. पण महिन्याभरानं आठवत नाही ते स्पेलिंग. "व" ला व्ही लिहिला होता की डब्ल्यू? "ई" ला डबल ई की एकच आय? "पाऊस" मध्ये ए किती? "ळ" ला एल, "श" ला एस एच की नुसता एस? शब्द बरोबर आठवतात म्हणून माणूस छातीठोकपणे सांगतो की पासवर्ड बरोबर आहे. इथं एक कागद घ्या, प्रत्येक शब्दाची जितकी स्पेलिंगं तुम्ही स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता तितकी लिहून काढा आणि एकेक जोडी करून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही "आहे" कसं लिहिता ते शोधून बघा. हात त्याच सवयीनं चाललेला असतो. किती वेळा चुकलं तरी कीपासएक्ससी फाइल लॉक करत नाही, पुसत नाही, त्यामुळे निवांत बसून करा. काम झालं की कागद फाडून टाका.

पासवर्ड डायरीत लिहिलेला असेल तर शून्य आणि ओ, एक आणि लहान एल, पाच आणि एस हे बदलून बघा. फोनमधून बघून टाकत असाल तर पहिलं अक्षर फोनच्या कीबोर्डनं आपोआप मोठं केलेलं असू शकतं. कुठून तरी कॉपी करून पेस्ट करत असाल तर शेवटी एखादी रिकामी जागा चिकटून येते. डोळा उघडा असला तरी ती दिसत नाही. कर्सर शेवटाला नेऊन बघा.

की फाइल

"आम्ही की फाइल कधी वापरलीच नाही हो." टिळक रोडजवळच्या एका छोट्या ऑफिसातल्या ताईंचं हे वाक्य. आणि त्यांचं खरंही होतं, त्यांच्या आठवणीप्रमाणे. ज्यानं पहिल्यांदा बसवून दिलं त्यानं पासवर्डसोबत की फाइलही जोडली होती. कीपासएक्ससी शेवटची की फाइल लक्षात ठेवतं, त्यामुळे दोन वर्षं ताई नुसता पासवर्ड टाकत होत्या आणि की फाइल मागच्या मागे लागत होती. मग मशीन फॉरमॅट झालं, उबुंटू नवं आलं, कीपासएक्ससीची आठवण पुसली गेली. डेटाबेस पेनड्राइव्हवरून परत आणला, पण की फाइल आणायची असते हे कुणाला माहीतच नव्हतं. सुदैवानं जुनी हार्ड डिस्क कपाटात होती. ती यूएसबीच्या डब्यात घालून शोधलं तर डॉक्युमेंट्स मध्ये "केईवायएक्स" शेपटीची एक इवलीशी फाइल बसलेली होती.

म्हणून नव्यानं सिस्टीम टाकल्यानंतर ही अडचण आली असेल तर कीबोर्डनंतर पहिला संशय की फाइलचा. जुन्या डिस्कवर, जुन्या बॅकअपमध्ये "केईवायएक्स" किंवा "की" या शेपटीच्या फाइली शोधा. उघडायच्या पडद्यावर पासवर्डच्या खाली की फाइलसाठी जागा असते, तिथं ती दाखवा आणि पुन्हा प्रयत्न करा.

आणखी दोन गोष्टी. की फाइल म्हणून कुठलीही फाइल चालते, म्हणून काही जण एखादा आवडता फोटो ठेवतात. त्या फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी किल्ली बदलते. फोटो एडिट केला, फिरवून सेव्ह केला, किंवा स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवून परत घेतला की तो लहान होऊन येतो, आणि तो आता तुमचा फोटो असला तरी तुमची की फाइल नाही. मूळ कॅमेऱ्यातून आलेली प्रत शोधा. आणि उलटही होतं: डेटाबेसला की फाइल नसताना त्या चौकटीत जुन्या कशाचा तरी पत्ता भरलेला राहतो. चौकट रिकामी करून बघा.

यूबीकी (यूएसबीला लावायची छोटी किल्ली) वापरत असाल तर ती लावलेली आहे ना, आणि तिचा तोच स्लॉट निवडलेला आहे ना ते बघा. तो स्लॉट नंतर दुसऱ्या कामासाठी नव्यानं लिहिला गेला असेल आणि त्याची गुप्त किल्ली कुठं जपलेली नसेल, तर त्या डेटाबेसपुरता रस्ता संपला.

भलतीच प्रत

कीपासएक्ससी नवा डेटाबेस बनवताना फाइलला "पासवर्ड्स" हेच नाव सुचवतं आणि बहुतेक जण तेच ठेवतात. परिणामी डाउनलोड्स मध्ये एक, डॉक्युमेंट्स मध्ये एक, पेनड्राइव्हवर एक, फोनवर एक, सगळ्या एकाच नावाच्या. मास्टर पासवर्ड बदलला तर तो फक्त त्या एका फाइलमध्ये बदलतो. बाकीच्या प्रती जुन्याच पासवर्डनं उघडतात.

उघडायच्या पडद्यावर फाइलचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तो वाचा. नुसतं नाव वाचू नका. मग होम फोल्डरमध्ये "केडीबीएक्स" (डेटाबेस फाइलची शेपटी) शोधा आणि प्रत्येकीची तारीख बघा. सिंकथिंगनं केलेल्या प्रतीच्या नावात "सिंक-कॉन्फ्लिक्ट" आणि तारीख असते. तुमची फाइल जुनी वाटली तर आधीचा मास्टर पासवर्ड टाकून बघा. उघडली तर कोडं सुटलं. दोन प्रतींमध्ये वेगवेगळ्या नोंदी असतील तर डेटाबेस मेनूतलं "मर्ज फ्रॉम डेटाबेस" त्या एकत्र करतं. पण तेही प्रतीवर करा.

फाइल खरंच खराब झाली असेल तर

इथवर येऊनही उघडलं नाही तरच फाइलवर संशय घ्या. फाइलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज मध्ये आकार बघा. शून्य बाइट असेल, किंवा फोनवरच्या प्रतीपेक्षा एकदम फारच कमी असेल, तर उत्तर मिळालं. मला भेटलेल्या दोन्ही खराब फाइलींची कारणं साधी होती. एक पेनड्राइव्ह "इजेक्ट" न करता ओढून काढलेला, आणि दुसरा यूपीएस नसलेला डेस्कटॉप, गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली त्या क्षणी नेमकी फाइल सेव्ह होत होती.

टर्मिनलची सवय असेल तर हेक्स दाखवणाऱ्या कुठल्याही साधनानं फाइलची सुरुवात बघा. पहिली चार बाइट्स ०३, डी९, ए२, ९ए अशीच हवीत. तिथं नुसती शून्यं असतील तर फाइल गेली. ती बरोबर असली म्हणून पुढचा भागही चांगला आहे असं मात्र सिद्ध होत नाही. आणि टर्मिनलवर काम करताना मास्टर पासवर्ड आज्ञेच्या ओळीत कधीही लिहू नका, तो इतिहासाच्या फाइलमध्ये राहतो.

बिघडलेली फाइल दुरुस्त करण्याच्या मागे लागू नका, जुनी चांगली प्रत शोधा. कुठं शोधायची: फाइलच्या शेजारी नावात "ओल्ड" असलेली प्रत (सेटिंग्जमध्ये "बॅकअप डेटाबेस फाइल बिफोर सेव्हिंग" चालू असेल तर), सिंकथिंगमध्ये आवृत्त्या ठेवायचं चालू केलं असेल तर त्या फोल्डरमधला लपलेला "एसटीव्हर्जन्स", गूगल ड्राइव्हवर ठेवत असाल तर "मॅनेज व्हर्जन्स" (तिथं जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस राहतात), आणि फोन. मिंट वापरणाऱ्यांनी टाइमशिफ्टवर भिस्त ठेवू नये. ते मूळ सेटिंगमध्ये सिस्टीमच्या फाइली जपतं, तुमचं होम फोल्डर नाही. हे समजल्यावर लोकांचे चेहरे उतरतात, म्हणून फाइल उघडत असतानाच वरचं "बॅकअप" चालू करा. मूळ सेटिंगमध्ये ते बंद असतं.

कुठं थांबायचं

मशीनवरच्या इतर फाइलीही उघडेनाशा झाल्या असतील, हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल, किंवा "डिस्क्स" या प्रोग्रॅममध्ये स्मार्ट चाचणी डिस्क निकामी होत असल्याचं दाखवत असेल, तर तिथंच थांबा. मशीन बंद करा. डिस्क दुरुस्तीची आज्ञा चालवू नका, फाइली परत आणणारा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर टाकू नका, कारण प्रत्येक नवं लिखाण तुमच्या फाइलच्या जागेवर जाऊ शकतं. ती डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्या व्यावसायिकाकडे न्या आणि काम हातात द्यायच्या आधी खर्चाचा अंदाज लेखी घ्या. तुम्हाला फक्त फाइल परत हवी आहे एवढंच त्याला सांगा, मास्टर पासवर्ड सांगायचं काहीच कारण नाही.

पासवर्डच आठवत नसेल तर त्यासाठी व्यावसायिक नाही. कीपासएक्ससी बनवणाऱ्यांकडेही मागचं दार नाही. पैसे घेऊन "कुठलीही फाइल उघडून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात ती फाइल देऊ नका. पासवर्डातली एक-दोन अक्षरंच आठवत नसतील तर जाणकार, विश्वासू माणूस तुमच्या मशीनवर, तुमच्यासमोर पर्याय तपासून देऊ शकतो. अर्धा पासवर्ड विसरला असाल तर तेही होणार नाही, कारण प्रत्येक अंदाजाला मुद्दाम वेळ आणि मेमरी लागावी अशीच ही फाइल बनवलेली असते. आणि फाइल व पासवर्ड दोन्ही भलत्याच माणसाकडे गेले असतील तर आधी बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा.

नव्यानं सुरुवात करावी लागली तर पहिला ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी बहुतेक ठिकाणचं "फरगॉट पासवर्ड" तिथंच येतं. मग बँक, मग डिजिलॉकर, मग उरलेलं. जुनी फाइल मात्र पेनड्राइव्हवर तशीच राहू द्या. कर्वेनगरच्या वसतिगृहातल्या एका मुलीनं माझ्या सांगण्यावरून ती ठेवली होती. दोन महिन्यांनी रात्री साडेअकराला तिचा फोन आला: दुसऱ्या शब्दात व्ही नव्हता दादा, डब्ल्यू होता.